लोरेल ऑब्स्टची डावी पापणी

त्या हिवाळ्यात आमच्या नरावेल गावातल्या निम्म्या पुरुषांचा असा ठाम समज झाला होता, की लोरेल ऑब्स्ट आपल्याला डोळा मारते. हार्डवेअरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने बायको गेल्यापासून पहिल्यांदाच नवा शर्ट घेतला. पोस्टमन तिचं टपाल दोन खेपांत आणू लागला. पाद्रीबुवा तिच्याकडे केस कापायला दुपारचे जायचे, ते घाबरून सकाळी जायला लागले. सकाळी ती कुणालाच डोळा मारत नाही हे कळल्यावर ते जरा हिरमुसले, असं म्हणतात. मी आपलं ऐकलेलं सांगतोय.

बिचाऱ्या लोरेलला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवरा कॅरव्हॅन घेऊन क्वीन्सलंडला गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिलेल्या पोराला, जॅरडला, तिने गव्हाच्या कोठारासमोरच्या त्या छोट्या सलूनवर वाढवलं. दिवसभर आरशासमोर उभं राहणाऱ्या बाईला स्वतःकडे बघायला मात्र सवड नसते. दुपारनंतर हात भरून येतात, कात्री शिशाची वाटते, एवढंच तिला जाणवायचं. चव्वेचाळिशी आली, दुसरं काय, असं म्हणून ती चहा घ्यायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड बांधायची.

पण लोरेलचा जीव सलूनमध्ये नव्हता. तो होता शनिवारच्या फुटीत, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलात. आमच्या लीगमध्ये प्रत्येक क्लब आपापला एक गोल पंच देतो, मैदानाच्या दोन टोकांना दोघे. पांढरा कोट, पांढरी हॅट, हातात दोन निशाणं. आधी बोटांनी खूण करायची, मग निशाणं हलवायची. चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर गोल, दोन निशाणं, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला किंवा खांबाला नुसता घासला तरी एकच निशाण, एकच गुण. तो गुण म्हणजे तोंडाला पुसलेली पानं. दुसऱ्या टोकाचा पंच आपली निशाणं हलवून उत्तर देतो, म्हणजे दोघांनी तेच टिपलं हे सगळ्यांना कळतं.

आता पंच आपल्याच क्लबचा म्हटल्यावर थोडी डोळेझाक अपेक्षित असते. कुणी बोलून दाखवत नाही, पण असते. लोरेलपाशी ती तसूभरही नव्हती. आणि जॅरड मोठा होऊन आमचा मुख्य गोल मारणारा झाल्यापासून तर बाई अंगात आल्यासारखी कडक झाली. पोराचा चेंडू खांबाजवळून गेला की तिची मान आधीच नकारार्थी हलायची. लोक म्हणत, ह्याला सावत्र आई असती तर ह्याचे गोल जास्त झाले असते.

गोंधळ सुरू झाला तो शेवटच्या पावात. सामना चार पावांचा. पहिले तीन पाव लोरेल ठणठणीत. चौथ्यात तिला चेंडू दोन दिसायला लागले. एक येतो तो खांबांच्या आत, त्याच्याच शेजारी दुसरा, बाहेरून. दोन्ही तितकेच खरे, तितकेच चिखलाने माखलेले. आता माणसाने अशा वेळी काय करावं? दुसऱ्या कुणीही डोळे चोळले असते, निदान घरी जाऊन झोप काढली असती. लोरेलने नियम केला. दोन चेंडू दिसले, की आपल्या क्लबाच्या तोट्याचा तो खरा.

झालं. नरावेलचे धडधडीत गोल एकेका गुणावर निघू लागले आणि पाहुण्यांचे हुकलेले चेंडू गोल ठरू लागले. जिंकत आलेले सामने आम्ही शेवटच्या पावात हरलो. फायनलपर्यंत पोहोचलो ते केवळ बाकीचे क्लब आमच्याहून गचाळ खेळले म्हणून. बारमध्ये लोक ग्लास आपटून म्हणू लागले, बाई बाहेरच्यांना डोळा काय मारते आणि आपल्यांचे गोल काय खाते.

क्लबचा अध्यक्ष रेक्स हेन्शके शेवटी सलूनमध्ये आला. दुपार टळून गेली होती. बोलण्याआधी केसही कापून घेऊ, असा त्याने हिशेब केला आणि तिथेच चुकला. उजवी बाजू झाली आणि लोरेलचे हात खाली आले ते पुन्हा वर जाईनात. तिने कोपर त्याच्या खांद्यावर टेकून डावी बाजू कशीबशी उरकली. रेक्सने आरशात पाहिलं. उजवीकडून तो फौजेतला दिसत होता, डावीकडून बँडमध्ये ड्रम वाजवणारा.

"लोरेल, ही हजामत केलीस की सूड घेतलास?"

"टोपी घाल. कुणी बघणार नाही."

"टोपी मी घालीन गं. पण तुझी हॅट उतरव. फायनलला माझा मेहुणा उभा राहील."

"तुझा मेहुणा? त्याला चेंडू पार्किंगमध्ये गेला तरी गोल दिसतो."

"आपल्याला तसाच हवाय. तू पंच नाहीस, तू आम्हाला झालेला आजार आहेस."

एवढं बोलून रेक्स गेला. लोरेल मागच्या खोलीत गेली, खुंटीवरचा पांढरा कोट काढून तिने मांडीवर घेतला आणि पोटभर रडली. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. तो कोट हीच गावातली तिची उंची होती, आणि फायनलला तो दुसऱ्याच्या अंगावर दिसणार होता.

फायनलआधीचा लीगचा शेवटचा सामना बूनाराशी होता. बूनारा म्हणजे आमचं शेजारचं गाव, म्हणजे अर्थातच वैरी. त्यांचा गोल पंच नेव्हिल ट्रेगिअर, मेंढ्यांवाला, बोलायला इतका कंजूष की फोनवर नुसता श्वास घेतो आणि ठेवतो. रेक्सने लोरेलला तो एक सामना तेवढा करू दिला होता. सामना संपल्यावर नेव्हिल थर्मास घेऊन तिच्याकडे आला, चहा ओतला आणि पेला तिच्या हातात दिला.

"राग मानू नकोस," तो म्हणाला, "पण तू डोळा मारत नाहीस."

"मारते असं म्हणतं कोण?"

"सगळे. आमच्या गावातसुद्धा."

लोरेलचा चहा नाकातून आला. तिला तेव्हा कळलं, पोस्टमन दोनदा का येतो ते.

"मी इतकी वर्षं त्या टोकावरून तुझ्याकडे बघतोय," नेव्हिल म्हणाला आणि घाईने पुढे गेला, "म्हणजे निशाणांकडे. हल्ली चौथ्या पावात तू हनुवटी वर करून बघतेस. पापणीच्या खालून. माझी डॉली तस्सं बघायची."

"डॉली कोण?"

"माझी कुत्री."

लोरेलने उरलेला चहा गवतावर ओतला.

"जनावरांच्या डॉक्टरने लगेच ओळखलं," नेव्हिल हट्टाने बोलत राहिला. आयुष्यात एवढं सलग तो कधी बोलला नसेल. "स्नायू थकायचे तिचे. गोळ्या दिल्या, मग झकास. सकाळी मेंढ्या, दुपारी लोळण. म्हातारी होऊन मेली. गुणी होती गं. मला तिचा अपमान करायचा नाहीये."

"माझा केलास तो चालतो," लोरेल म्हणाली आणि तरातरा निघून गेली. पण त्याच रात्रीच्या जेवणात मांसाचा तुकडा चावता चावता तिचा जबडा मध्येच थांबला, आणि हाताने हनुवटी उचलून घास संपवताना तिला डॉली आठवली. मुकाट्याने तिने मेलबर्नच्या तज्ज्ञाची वेळ घेतली. कारण विचारलं तेव्हा कुत्रीचं नाव काही सांगितलं नाही.

मेलबर्नला जॅरडच गाडी हाकत घेऊन गेला. डॉक्टर विजेसेकरा बाई लहानखुऱ्या, हसऱ्या, मूळच्या श्रीलंकेतल्या, कँडीकडच्या. त्यांनी लोरेलला छताकडे एकटक बघायला सांगितलं. बघता बघता डावी पापणी शटर ओढल्यासारखी खाली आली. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि तो पापणीवर धरून ठेवला. थोड्या वेळाने काढला, तर पापणी टक्क वर.

"हे काय झालं?" लोरेल म्हणाली.

"गारव्यात हे स्नायू थोडा वेळ नीट चालतात. म्हणजे माझा संशय खरा दिसतोय. रक्त तपासू, छातीचा फोटो काढू, मग नक्की सांगते."

तपासण्या झाल्या. बाईंनी फोटो उजेडावर लावला आणि छातीच्या हाडामागच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही थायमस ग्रंथी. रोगाशी लढणाऱ्या पेशींची ही तालीम. कोवळ्या पेशी हाडांच्या मगजातून इथे येतात तेव्हा त्यांना आपलं कोण, परकं कोण, काही कळत नसतं. कुणी काय पकडायचं ते इथेच, लॉटरी लागावी तसं ठरतं. त्यातल्या काहींना तर आपल्याच डोळ्यावर, आपल्याच यकृतावर तुटून पडायची खोड."

"मग त्यांना ओळखायचं कसं?"

"गंमत इथेच आहे. यकृत काही छातीत येऊन उभं राहत नाही. पण ह्या ग्रंथीतल्या काही पेशी अख्ख्या शरीराचे नमुने स्वतःच बनवून मांडतात. यकृताचा तुकडा, त्वचेचा, डोळ्याचा, सगळ्याचा थोडा थोडा. आणि नवख्यांना म्हणतात, ये, ओळख करून घे."

"म्हणजे निवड चाचणी," लोरेल पुढे सरकली. "मैदानात आपल्याच सगळ्या जर्स्या फिरवायच्या. जो आपल्याच जर्सीला आडवा पाडेल तो बाहेर."

"बाहेर नाही. तिथेच मरतो."

"आमच्या क्लबात निदान बारपर्यंत तरी जाऊ देतात."

बाई खळखळून हसल्या. "आणि ज्याला जर्सी म्हणजे काय हेच कळत नाही, तोही मरतो. आलेल्यांपैकी फार थोडे पास होतात. आपल्याच जर्सीवर थोडे जास्त गुरगुरणारे काही असतात, त्यांना मारण्याऐवजी भांडण सोडवायच्या कामाला लावतात. ते बाकीच्यांना आवरत फिरतात."

"आणि माझ्या तालमीत काय बिघडलं?"

"ह्या वयात ती आकसायला हवी. तुमची फुगली आहे. तिथे चुकीच्यांना चिथावणी मिळतेय. नसेतून येणारा हुकूम स्नायू जिथे झेलतात, नेमक्या त्या जागा तुमचंच शरीर बंद करत सुटलंय. पुन्हा पुन्हा वापरलं की स्नायू थकतो. म्हणून सकाळी ठीक, दुपारी नाही." बाईंनी फोटो खाली घेतला. "सोप्या भाषेत, तुमच्या पेशी फार कडक पंच झाल्यात. आपल्या माणसाने काहीही केलेलं नसताना त्यालाच शिक्षा."

लोरेल मोठ्याने हसली आणि मध्येच गप्प झाली. बाईंना वाटलं, जबडा थकला असेल.

बाईंनी गोळ्या दिल्या. ग्रंथी काढायचं ऑपरेशन सीझन संपल्यावर ठरलं. परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मोहरीची शेतं पिवळीजर्द पसरली होती. लोरेलने पहिली गोळी घेतली होती आणि थोड्या वेळाने तिला एकच रस्ता, एकच सूर्य आणि एकच जॅरड दिसू लागला. इतका साधा, एकच. तिला नाचावंसं वाटलं, पण पट्टा बांधलेला होता.

"जॅरड, मला चेंडू दोन दिसायचे रे."

"माहितेय. डॉक्टर म्हणाल्या ना."

"त्यातला तुझ्या तोट्याचा मी मुद्दाम निवडायची."

जॅरडने गाडी कडेला घेतली. "मुद्दाम?"

"लोकांनी म्हणू नये, आईने पोराला झुकतं माप दिलं."

"आई, माझे गोल खाल्लेस तू? किती?"

"मोजले नाहीत."

तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला. खांदे हलत होते. रडतोय वाटून तिचा जीव कासावीस झाला. पण पठ्ठ्या हसत होता, डोळ्यांतून पाणी येईस्तो. "आणि मी वेड्यासारखा रोज सकाळी सरावाला जातोय," तो म्हणाला, "चेंडू जास्त मध्ये घालायला."

लोरेलही हसली, पण मनातून ओशाळली. पोराने सीझनभर तिच्या चुकीपायी पहाटेची झोप मोडली होती.

रेक्सला गोळ्या, ग्रंथी, पेशी सगळं सांगून झालं. टोपी डोक्यावरून न काढता तो म्हणाला, "छान. बरी हो. फायनलला मेहुणाच." आता पंच बदलायचा तर समोरच्या क्लबाची संमती लागते, आणि फायनलला समोर पुन्हा बूनाराच होतं. रेक्स बूनाराच्या मंडळाला भेटायला गेला आणि दिवसाढवळ्या त्याचं वस्त्रहरण झालं. लोरेलला काढणार म्हटल्यावर अख्खं बूनारा खवळून उठलं. असली प्रामाणिक बाई अख्ख्या लीगमध्ये नाही, ते म्हणाले. लोरेल नाही तर फायनल नाही. एका बाईने तर तिच्यासाठी जॅमची बरणी पाठवली. नेव्हिल तेवढा कोपऱ्यात बसून होता. लोरेलने त्याला फोनवर गोळ्यांपासून बर्फापर्यंत सगळं सांगितलं होतं. ती आता बरी झाली आहे, हे बोलणं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय नेव्हिल कधी बोलला होता?

अशा रीतीने लोरेलला कोट परत मिळाला. वैऱ्यांनी मिळवून दिला.

फायनलच्या दिवशी वारा होता. गाड्या मैदानाभोवती नाकं आत करून उभ्या, हॉर्न तयार. लोरेलने वेळ साधून गोळी घेतली होती. तीन पाव स्वच्छ गेले. चौथ्याआधीच्या सुट्टीत नेव्हिल अख्खं मैदान ओलांडून आला. त्याच्या हातात बिअरच्या पेटीतला बर्फ होता, रुमालात बांधलेला.

"तुझं गाव बघतंय," ती म्हणाली.

"बघू दे. डॉलीसाठीसुद्धा केलं असतं."

"नेव्हिल, ह्या वाक्याने कुठली बाई खूश होते, सांगशील का मला कधी?"

त्याने कानापर्यंत लाल होत बर्फ तिच्या पापणीवर धरला. गर्दीतून शिट्ट्या आल्या. रेक्स टोपी चावायचा तेवढा राहिला होता.

आणि शेवटची घटका आली. आम्ही पाच गुणांनी मागे. चेंडू जॅरडच्या हातात, कोनातून, वारा तिरका. त्याने लाथ मारली. लोरेल खांबाच्या रेषेवर पाय रोवून उभी राहिली आणि वर बघत राहिली. चेंडू एकच होता. लाल, ओला, फिरत फिरत येणारा, एकच. खांबाच्या इतक्या जवळून आला की बूनाराच्या लोकांनी आधीच जल्लोष सुरू केला, आणि आमच्या लोकांनी हातांनी डोळे झाकले. मध्ये फट होती. बोटभर असेल, पण होती. चेंडू घासला नव्हता.

लोरेलचा उजवा हात सवयीने एकच बोट काढायला निघाला. लोक काय म्हणतील, हे तिच्या मनात आलं, नेहमीसारखं. मग तिला छातीच्या हाडामागची ती तालीम आठवली आणि स्वतःचाच राग आला. पोराने काही केलेलं नव्हतं. चांगला गोल मारला होता, बस्स. तो आपला आहे हा त्याचा गुन्हा कसा?

तिने दोन बोटं काढली. मग दोन्ही निशाणं उचलली आणि मनसोक्त हलवली.

हॉर्न वाजले. शिव्याही आल्या, तिला जॅमची बरणी पाठवणाऱ्या बाईच्या तर फारच निवडक. सगळ्यांच्या माना दुसऱ्या टोकाकडे वळल्या, जिथे नेव्हिल उभा होता. त्याचा क्लब ह्या गोलाने हरत होता. त्याने क्षणभरही न थांबता दोन्ही निशाणं डोक्यावर नेली आणि तिला उत्तर दिलं, लांब, संथ, अख्ख्या हाताने.

सामना संपल्याचा भोंगा झाला. जॅरड धावत आला आणि आईला हॅटसकट उचलून गरगर फिरवली. रेक्सने आनंदाने टोपी आकाशात फेकली, आणि अर्धा फौजी, अर्धा ड्रमवाला असा तो अख्ख्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून आला.

रिवाजाप्रमाणे दोन्ही गोल पंच गुण जुळवायला मैदानाच्या मध्यावर भेटले. भोवती गोंधळ चालला होता. लोरेलने नेव्हिलकडे बघितलं आणि तिची डावी पापणी खाली आली. कुणी लक्ष दिलं नाही. आता सगळ्या गावाला तिच्या आजाराचं माहीत होतं.

नेव्हिलने घाईने खिशातून ओला रुमाल काढला. "थांब, थोडा बर्फ उरलाय."

"राहू दे तो," लोरेल म्हणाली. "पापणी पडली नाहीये."